छातीतले यंत्र आणि ताटातली भाकरी

आमचे थोरले बंधू पाथर्डी तालुक्यात राहतात. वय सत्तरीच्या पुढे गेले आहे. सारा गाव त्यांना आबा म्हणतो, म्हणून मीही आबाच म्हणतो. थोडी जिरायत जमीन, दोन म्हशी, एक शेळी, एवढा त्यांचा पसारा. माणूस कष्टाचा. १९७२ च्या दुष्काळात ऐन विशीत त्यांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडली. मिलोची भाकरी आणि सुकडी खाऊन दिवस काढले. दवाखान्याची पायरी कधी चढले नाहीत.

अशा माणसाला दोन वर्षांपूर्वी दम लागू लागला. आधी बांध चढताना, मग अंगणात चालताना. पुढे तर रात्री आडवे झाले की जीव घाबरा होई. डोक्याखाली दोन-दोन उशा लागत. पाय सुजले. नडगीवर बोट दाबले की खळगा पडे आणि तो लवकर भरून येत नसे.

डॉक्टरांनी तपासले आणि सांगितले, "हार्ट फेल्युअर आहे." आमच्या वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. हार्ट म्हणजे हृदय आणि फेल म्हणजे नापास, एवढे सर्वांनाच कळते. त्यांना वाटले, आता संपले. पण तसे नाही. हृदय बंद पडले, असा त्या शब्दाचा अर्थ नाही. हृदय चालू आहे, पण त्याची ताकद कमी झाली आहे, अंगाला हवे तेवढे रक्त ते पुढे ढकलू शकत नाही, असा अर्थ आहे.

शेतकऱ्याला ही गोष्ट समजायला अवघड नाही. विहिरीवरची मोटार मंद चालली तर काय होते? शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोचत नाही. पीक माना टाकते. हृदयाचेही असेच आहे. हातापायांना रक्त कमी पडते, म्हणून थकवा येतो. आणि जे रक्त पुढे जात नाही ते मागे तुंबते. फुप्फुसात तुंबले की दम लागतो. पायांत पाणी उतरले की सूज येते. पोटातही तुंबते, आणि ते मात्र बाहेरून दिसत नाही.

आबांना औषधे सुरू झाली. काही महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, यंत्र बसवावे लागेल.

यंत्र काय करते

पेसमेकर हे नाव आता खेड्यातही माहीत झाले आहे. काड्यापेटीहून फार मोठे नसते. वजन दोन-अडीच तोळे. गळ्याच्या हाडाखाली, बहुधा डाव्या बाजूला, कातडीखाली एक लहानसा खिसा करतात आणि त्यात ते ठेवतात. तिथून बारीक तारा शिरेतून हृदयापर्यंत नेतात. हृदयाचा ठोका चुकला किंवा फार मंद झाला की यंत्र विजेचा बारीकसा इशारा देते आणि ठोका पडतो. आपले हृदय दिवसाला सुमारे १ लाख ठोके देते, तेव्हा हे काम लहान समजू नका.

यंत्राचे प्रकार आहेत. साधा पेसमेकर ठोका मंद होऊ देत नाही. दुसरे यंत्र हृदयाची चाल एकदम बिघडली तर आतल्या आत झटका देऊन जीव वाचवते. तिसऱ्याला बहुधा तीन तारा असतात. अशक्त हृदयाच्या दोन बाजू कधीकधी मागेपुढे आकुंचन पावतात. दोन बैल एका वेळी न ओढता आळीपाळीने ओढू लागले तर नांगर कसा चालेल? तसे होते. हे यंत्र दोघांना एका वेळी ओढायला लावते. आबांना हेच बसवले. काही रोग्यांना तर हृदयाला जोडलेला पंपच बसवतात. त्याची वायर पोटातून बाहेर येते आणि बॅटरी अंगावर बाळगावी लागते. पण तो फार खर्चाचा आणि क्वचित बसवला जाणारा.

माणसाच्या अंगात असे यंत्र बसवण्याची सुरुवात १९५८ साली स्वीडन देशात झाली. आर्न लार्सन नावाच्या ४३ वर्षांच्या माणसाचे हृदय वारंवार थांबे आणि तो दिवसातून कित्येकदा बेशुद्ध पडे. त्याची बायको डॉक्टरांच्या आणि इंजिनिअरच्या मागेच लागली. शेवटी एल्मक्विस्ट नावाच्या इंजिनिअरने यंत्र बनवले. बुटाच्या पॉलिशची डबी साचा म्हणून घेतली आणि सेनिंग या शल्यवैद्याने ८ ऑक्टोबर १९५८ रोजी ते बसवले. ते यंत्र काही तासांतच बंद पडले. पण लार्सनने हार खाल्ली नाही. पुढे एकामागून एक अशी २६ यंत्रे त्याने वापरली आणि तो ८६ वर्षे जगला. ज्यांनी यंत्र बनवले आणि बसवले, त्या दोघांच्याही नंतर, २००१ साली, तो वारला.

आबांना मी ही हकिकत इस्पितळातच सांगितली. ते हसले. म्हणाले, "म्हंजे बायको मागं लागली की मानूस जगतो म्हन की!"

मी पेढे आणले

शस्त्रक्रिया चांगली झाली. चार दिवसांत आबा घरी आले. दम कमी झाला, झोप लागू लागली. आम्ही सगळे निर्धास्त झालो. आमची चूक झाली ती इथेच.

आबा घरी आले तेव्हा त्यांचे वजन ५२ किलो होते. आजाराआधी ५८ असे. दोन महिन्यांनी मी गावी गेलो. त्यांना शाळेच्या काट्यावर उभे केले, तर ५५ भरले. मला आनंद झाला. दोन महिन्यांत ३ किलो वाढले! मी पाव किलो पेढे आणून मारुतीपुढे ठेवले आणि वाटले. गाल बसले होते, गळ्याची हाडे वर आली होती, बोटातली अंगठी सैल होऊन दोऱ्याने बांधली होती. हे सारे माझ्या डोळ्यांना दिसत होते. पण काट्यावर ५५ आकडा होता, आणि मास्तराचा आकड्यावर विश्वास फार.

दुसऱ्या दिवशी गावच्या आशाताई घरावरून जात होत्या. त्या आत आल्या. त्यांनी काही काटा मागितला नाही. आबांचा पायजमा वर केला, नडगीवर बोट दाबले. खळगा पडला. मग दंड हातात धरून पाहिला. मला म्हणाल्या, "गुरुजी, हे मांस न्हाई वाढलं. पाणी चढलंय. आजच दवाखान्यात न्या."

आम्ही नेले. तिथे औषध वाढवून पाणी काढले. आठवड्यात ६ किलो उतरले आणि वजन आले ४९ वर. आता हिशेब करून पाहा. ५२ चे ४९ झाले, म्हणजे त्या दोन महिन्यांत ३ किलो अंग झडले होते. आणि त्यावर ६ किलो पाणी चढले होते. काट्याला पाणी आणि मांस यांतला फरक कळत नाही.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट दाखवली. छातीवरची कातडी इतकी पातळ झाली होती की आतल्या यंत्राची कड वरून दिसत होती. ते म्हणाले, माणूस फार वाळला की यंत्रावर मांसाची आणि चरबीची गादी राहत नाही. कातडी ताणते, घासली जाते, आणि कधी फाटून यंत्र उघडे पडते. त्यातून जंतू आत शिरले तर बहुधा यंत्र आणि तारा सगळे काढावे लागते आणि दुसरीकडे नवे बसवावे लागते. अंगात प्रथिने कमी असली तर जखमही सावकाश भरते आणि जंतूंशी झगडायला बळ राहत नाही. म्हणजे यंत्राचा खर्च झाला, वेदना सोसल्या, आणि आम्ही ते सारे जेवणाच्या ताटावर घालवायच्या बेतात होतो.

वहिनींचा स्वयंपाक

इस्पितळात आहार सांगणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी वहिनींना एकच प्रश्न विचारला, "काल सकाळपासून रात्रीपर्यंत यांनी काय काय खाल्ले, ते सांगा."

वहिनी सांगू लागल्या. सकाळी चहा. मग तांदळाची पेज. दुपारी अर्धी भाकरी आणि बिनमिठाचा, बिनतेलाचा दुधी. पुन्हा चहा. रात्री पेज. संपले.

"एवढेच?"

"बाई, मंग काय देऊ? मीठ बंद सांगितलंय. त्याल वाईट. दुधानं कफ व्हतो. अंडं उष्न. डाळीनं अन् वांग्यानं जखम पिकती, असं समदी म्हनत्यात. त्यांना बी भूक न्हाई. दोन घास खाल्लं की पोट भरलं म्हनत्यात."

वहिनींच्या मायेत कसूर नव्हती. दिवसातून दोनदा त्या पेज ताजी करीत होत्या. पण बाईंनी कागदावर हिशेब मांडला. आबांच्या पोटात दिवसाला जेमतेम १५ ग्रॅम प्रथिने जात होती. पाहिजेत किती? अशा रोग्याला वजनाच्या दर किलोमागे एक ग्रॅमहून थोडी जास्त, म्हणजे आबांना ५५ च्या आसपास. अन्नातून मिळेना, तेव्हा शरीर आपलेच मांस मोडून खाऊ लागले. दंड, मांड्या आणि श्वास घ्यायला मदत करणारे स्नायूसुद्धा झिजू लागले. त्यामुळे यंत्र नीट चालत असूनही माणूस थकलेलाच राहिला.

आपण कुपोषण म्हटले की अंगणवाडीतले पोर डोळ्यांपुढे आणतो. म्हाताऱ्या, आजारी माणसाचेही कुपोषण होते. पण त्याचे वजन कोणी मांडत नाही आणि "वय झालं" म्हणून सोडून देतात. हृदयरोग्यात ते ओळखणे तर आणखी अवघड, कारण सूज सारे झाकून टाकते.

भूक का लागत नाही, तेही समजून घ्या. मघाशी म्हटले की रक्त पोटातही तुंबते. यकृत सुजते आणि जठराला दाबते. आतड्याच्या भिंती सुजतात. म्हणून दोन घासांत पोट भरल्यासारखे वाटते, आणि खाल्लेलेही पुरते अंगी लागत नाही. श्वास घेण्याचे कष्ट आहेतच, काही औषधांनी तोंडाची चव जाते. त्यात समोर बिनचवीची पेज. रोगी मुद्दाम हट्ट करत नाही. त्याला खरोखरच जात नाही.

मग उपाय काय? तीन वेळचे जेवण मोडून सहा वेळा थोडे थोडे द्यायचे. बाईंनी बाहेरचा महागडा डबा लिहून दिला नाही. आपल्याच चुलीवरचे सांगितले. भाकऱ्या दिवसभरात मिळून तीन, बाजरीच्या किंवा ज्वारीच्या. त्यांतून १५ ग्रॅम प्रथिने मिळतात. मटकी, चवळी, हुलगा किंवा तुरीची डाळ यांच्या दोन घट्ट वाट्या, त्यांतून १४. दोन पेले दूध किंवा तेवढे दही, त्यांतून १३. एक अंडे, त्यातून ६. मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा त्यांचे कूट, त्यातून ७. बेरीज करा, ५५ झाली. अंडे न खाणाऱ्याने त्या जागी अर्धी वाटी डाळ आणि थोडे दही वाढवावे. मासे किंवा कोंबडीचा तुकडा खाणाऱ्याने जरूर खावा, पण खारवलेला सुका बोंबील नको.

आबांना दात थोडेच उरले आहेत. म्हणून वहिनी भाकरी दुधात किंवा डाळीत कुस्करून काला करतात. शेंगदाण्याचे कूट भाजीत घालतात. पेजही सोडली नाही, पण तीत आता मुगाची डाळ असते आणि वर चमचाभर तूप. इथे एक इशारा द्यायला हवा. ज्याचे मूत्रपिंड बिघडले आहे किंवा ज्याला मधुमेह आहे, त्याचा हिशेब वेगळा असतो. त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय आबांचे ताट उचलू नये.

आणि डाळीने, वांग्याने, अंड्याने जखम पिकते, हे खरे नाही. जखम पिकते ती जंतूंनी. न धुतलेल्या हाताने, ओल्या पट्टीने, आणि वर लावलेल्या हळदीने किंवा राखेने. जखम भरायला लागणारा माल त्या डाळीत आणि अंड्यातच आहे.

मीठ

मीठ कमी करायचे हे खरे आहे. मीठ पाणी धरून ठेवते आणि ते पाणी पुन्हा पायांत आणि फुप्फुसात येते. पण कमी करणे वेगळे आणि अजिबात तोडणे वेगळे. निरोगी माणसानेही दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ५ ग्रॅम म्हणजे चहाचा एक चमचा, सपाट. रोग्याला किती चालेल हे डॉक्टर सांगतील. मीठ इतके तोडले की माणूस जेवणच टाकतो, असे झाले तर नफ्यापेक्षा तोटा जास्त.

आमच्या घरात गंमत अशी होती की भाजी बिनमिठाची, आणि ती गळ्याखाली उतरावी म्हणून शेजारी लोणच्याची फोड आणि खर्डा! पापड तर आजाऱ्याचा म्हणून खास भाजलेला. पापडात मीठ असते, पापडखारही असतो. लोणचे, खर्डा, फरसाण, वेफर्स, खारे शेंगदाणे, बिस्किटे आणि पाव यांतून जे मीठ जाते ते कोणी मोजत नाही. खाण्याचा सोडा आणि पोट हलके करणाऱ्या फसफसत्या पुड्या यांतही तोच पदार्थ आहे, ज्याला डॉक्टर सोडियम म्हणतात. सैंधव चालते असे बायका म्हणतात. सैंधवही मीठच आहे. बाजारात 'कमी सोडियमचे मीठ' मिळते, ते तर विचारल्याशिवाय आणूच नका. त्यात पोटॅशियम असते, आणि हृदयाच्या काही औषधांबरोबर ते रक्तात फार वाढले तर हृदयाची चाल बिघडते.

चव आणायला मीठच लागते असे नाही. लिंबू, आमसूल, लसूण, जिरे, कोथिंबीर, भाजलेले तीळ. कारळ्याची चटणी वहिनी आता मिठाशिवाय करतात. लसूण दुप्पट आणि थोडी चिंच. मी खाऊन पाहिली. पहिल्या दिवशी फिकी लागली, चौथ्या दिवशी मीच मागून घेतली.

पाण्याचेही प्रमाण डॉक्टर सांगतात, पण सगळ्यांनाच नाही. ज्यांना सांगितले असेल त्यांनी सकाळी तेवढे पाणी तांब्यात मोजून ठेवावे. चहा, ताक, आमटी, पेज हे सारे त्यातच धरायचे.

एकादशी आणि गुरुवार

आबा वारकरी. महिन्याच्या दोन एकादशा, त्यात वहिनींचा गुरुवार. यंत्र बसल्यावर नवस म्हणून आबांनीही गुरुवार धरला. मी महिन्याचे उपास मोजले तेव्हा सहा-सात दिवस निघाले. उपासाला साबुदाणा आणि बटाटा. दोन्हींत पिठूळपणा भरपूर, प्रथिने जवळजवळ नाहीत. त्यात लघवीची गोळी रोजची चालू. रिकाम्या पोटी ती घेऊन चक्कर येते, आणि मधुमेह असेल तर साखर एकदम उतरते.

उपास सोडा असे म्हातारीला सांगणे सोपे नाही. मी सांगितले नाही. मी साईसच्चरितातली गोखलेबाईंची हकिकत वाचून दाखवली. शिर्डी आपल्याच जिल्ह्यातली. या बाई तीन दिवस उपास करून बाबांच्या पायाशी बसायचे ठरवून आल्या होत्या. बाबांनी त्यांना दादा केळकरांच्या घरी पाठवले, पुरणपोळ्या करून पोरांना घाल आणि तूही खा म्हणून. वहिनी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मंग गुरवारी ह्यांना जेवू घालते. माझा मी करते." एकादशीचे असे ठरले की आबांनी दूध, दही, शेंगदाणे आणि राजगिरा घ्यायचा आणि पोट रिकामे ठेवायचे नाही. एवढे डॉक्टरांनीही मान्य केले.

काटा आणि दोरा

आता आमच्या घरी दोन मापे चालतात.

पहिले माप वजनाचे. रोज सकाळी परसाकडे जाऊन आल्यावर, चहा घेण्याआधी, तेच कपडे अंगावर ठेवून काट्यावर उभे राहायचे. आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचा. तीन दिवसांत २ किलो वाढले तर ते खाल्लेले अंगी लागले असे समजू नये. एवढ्या दिवसांत एवढे मांस वाढत नाही. ते पाणी आहे, लगेच डॉक्टरांना कळवावे. उलट सूज नसताना महिन्यामागून महिना वजन उतरत असेल, वर्षात शंभराला पाच या प्रमाणाहून जास्त उतरले असेल, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे ३ किलोहून जास्त गेले असेल, तर तेही तितक्याच निकडीने सांगावे.

दुसरे माप आशाताईंनी शिकवले. यंत्र डाव्या बाजूला आहे, म्हणून उजवा दंड घ्यायचा. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये दोरा गुंडाळायचा आणि जिथे मिळेल तिथे गाठ मारायची. महिन्याने त्याच जागी तोच दोरा. दोरा सैल झाला तर मांस घटले. दंडावर पायासारखी सूज सहसा येत नाही, म्हणून काटा फसवतो तेव्हाही दोरा बहुधा खरे सांगतो. अंगणवाडीत पोरांच्या दंडाला रंगीत पट्टी लावतात, तिच्यामागे हाच विचार आहे.

जामखेड इथून लांब नाही. तिथे १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या नवराबायकोने काम सुरू केले. आले होते डॉक्टरकी करायला, पण गावाची पहिली मागणी अन्नाची आणि पाण्याची निघाली. तेव्हा त्यांनी पोरांसाठी गावोगाव स्वयंपाक सुरू केला आणि विंधनविहिरी घेतल्या. अक्षरओळख नसलेल्या कितीतरी बायांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. काट्यावरच्या आकड्यापेक्षा रोग्याच्या अंगाकडे आधी बघणारी बाई आमच्या गावात आहे, हे आमचे नशीब. मॅट्रिक झालेल्या मला तर पेढे सुचले.

आणखी काही

नुसते खाऊन मांस चढत नाही, थोडी हालचालही लागते. आबा आधी ओट्यापासून गोठ्यापर्यंत चालत, आता देवळापर्यंत जातात. यंत्र बसवल्यावर त्या बाजूचा हात काही आठवडे खांद्याच्या वर नेऊ नये आणि ओझे उचलू नये, नाहीतर तारा सरकतात. पण हात अगदी पोटाशी बांधूनही ठेवू नये, खांदा आखडतो. जखम लाल, गरम किंवा सुजलेली दिसली, पू आला, ताप आला, तर घरचे काही न लावता इस्पितळ गाठावे. मोबाइल यंत्रापासून वीतभर दूर, दुसऱ्या बाजूच्या खिशात. वेल्डिंगचे काम डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

हृदय अशक्त झालेल्या दोघांतल्या एकाच्या अंगात लोह कमी असते. त्यानेही थकवा येतो, आणि लोक समजतात यंत्र चालत नाही. रक्त तपासून घ्यावे. अशा रोग्यांना लोहाच्या गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही, डॉक्टर शिरेतून लोह देतात. जेवणावर लगेच चहा पिऊ नये, त्याने अन्नातले लोह अंगी लागत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर पालेभाजी सोडायची गरज नाही, पण एक आठवडा रोज आणि दुसरा आठवडा अजिबात नाही, असे करू नये. काही गोळ्यांचे प्रमाण त्याने बिघडते. तंबाखू आणि मिश्री यांच्याबद्दल मी काय सांगावे? आबांनी तंबाखू सोडली. मिश्री वहिनींकडून अजून सुटली नाही.

खर्चाचे बोलतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयाचे बरेच उपचार येतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला आधी विचारावे, पैसे भरल्यावर नाही. पण यंत्र मिळाले तरी रोजचे अंडे आणि दूध घरच्यालाच पाहावे लागते. मला हे थोडे उलटेच वाटते. एवढे मोठे यंत्र द्यायचे आणि पुढच्या तीन महिन्यांच्या डाळीचा विचार कोणी करायचा नाही. आमच्या घरी दूध होते, पण ते सगळे डेअरीला जात होते! आता एक लिटर घरी राहते. शेवगा बांधावर आहे. अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाल-घेवड्याचे वाण जपले, म्हणून त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्यासारखी परसबाग आमच्या वहिनींनी काही केली नाही, पण मोरीच्या पाण्यावर वालाचे दोन वेल चढवले आहेत.

आणि एक. आबा पडवीत एकटे जेवत. आजारी माणूस म्हणून ताट आधी, वेगळे. आता सगळ्यांबरोबर पंगतीत बसतात. नातू शेजारी बसतो आणि "आजोबा, अजून एक घास" म्हणून त्यांच्या ताटात भाकरीचा तुकडा टाकतो. बहुधा त्याला स्वतःला नको असलेला.

परवा, म्हणजे दवाखान्यातून परत आल्याला आठ महिने झाले तेव्हा, मी गेलो होतो. काट्यावर ५३ भरले. मी काही बोललो नाही. आधी नडगी दाबून पाहिली, खळगा पडला नाही. मग वहिनींनी देवळीतला दोरा आणून दंडाला लावला. जुनी गाठ पुरेना, दोन बोटे दोरा कमी पडला.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "आता आनायचं असलं तर आना पेढं."